रंगाखालचा योसेफ

मित्रांनो, ज्यांच्या नावाने लोक मला हाक मारतात ते संत योसेफ सबंध शुभवर्तमानात एक अक्षरही बोललेले नाहीत. स्वप्नात देवदूत आला, त्याचे ऐकले. उठले आणि कामाला लागले. मरिया मातेला आणि बाळाला घेऊन मिसर देशात गेले, परत आले, सुतारकी केली, येशूला लहानाचे मोठे केले. पण तोंडातून शब्द काढल्याचे कुठे लिहिलेले नाही. आणि मी त्यांचा लाकडी पुतळा असून तुमच्यापुढे बडबड करायला बसलो आहे! ते रागावणार नाहीत अशी आशा आहे. इतकी वर्षे गप्प बसलेल्या म्हाताऱ्याला थोडे बोलू द्यावे.

तर, मी एक जुना सागवानी पुतळा आहे. उंचीने पहिलीतल्या मुलाच्या खांद्याला लागेन एवढा. पिंपरीत संत तुकाराम नगरच्या पलीकडे पत्र्याच्या छपराचे एक छोटे चर्च आहे, तिथे वेदीच्या डाव्या बाजूला मी उभा असतो. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आमची माणसे 'तुकाराम नगरचा योसेफ' असे सांगतात आणि रिक्षावालाही काही न विचारता बरोबर आणून सोडतो. दोन्ही संतांचे आपसात चांगले जमते, असे मला वाटते.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकतो. मी म्हणजे संत योसेफ नव्हे. मी त्यांची आठवण आहे. मोबाइलवर आजोबांचा फोटो लावला म्हणून मोबाइल काही आजोबा होत नाही. पण तो फोटो दिसला की आजोबा आठवतात आणि आपण जरा सरळ बसतो. माझे काम तेवढेच. म्हणून तर माझा चेहरा महत्त्वाचा. तोच नाहीसा झाला, तर माझ्याकडे बघून कुणाला कुणाची आठवण येणार? यंदा तो चेहरा राहतो की कायमचा जातो, असा प्रसंग माझ्यावर आला होता. त्याचीच ही हकिकत आहे.

माझा जन्म चिंचवडजवळच्या एका जुन्या गावात, कोंडाजी सुतारांच्या पडवीत झाला. तेव्हा त्या बाजूच्या शेतांत कारखाने उभे राहत होते. बैलगाड्या कमी होत चालल्या होत्या आणि कोंडाजींच्या हाताला काम उरले नव्हते. एक दिवस आमचे तेव्हाचे फादर सायकल दामटत त्यांच्या दारात आले. त्यांनी खिशातून बोटभर लांबीचे एक पवित्र चित्र काढून कोंडाजींच्या हातात दिले.

"हे संत योसेफ. हे सुतार होते," फादर म्हणाले.

"व्हय? मंग आमच्यातलेच की! कुठल्या गावचं?"

"नाझरेथचे."

"लांब हाय का?"

"बरंच लांब."

"मंग पावनं-रावळं काय निघायचं न्हाई. पन हरकत न्हाई, करतो मी."

गावातल्या एका बागायतदाराने दाराच्या चौकटीसाठी सागाचा ओंडका आणून टाकला होता. पुढे त्याचा बेत बदलला, त्याने लोखंडी दरवाजा बसवला आणि ओंडका कोंडाजींकडेच पडून राहिला. म्हणजे मी चौकट व्हायचो तो संत झालो. यात माझे कर्तृत्व काही नाही, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो.

त्या चित्रातले संत योसेफ हातात पांढऱ्या फुलांची काठी धरून आभाळाकडे बघत होते. कोंडाजींना ते काही जमेना. सुतार कामाच्या वेळी फूल कुठे धरणार, असे त्यांच्या मनात आले असावे. त्यांनी माझ्या उजव्या हातात रंधा दिला, डावा हात फळीवर ठेवला आणि नजर खाली वळवली. पायाशी बाळ येशू बसवला. कोंडाजींचा नातू रंध्यातून निघालेली लाकडाची वेटोळी दिवसभर गोळा करत बसायचा. तेव्हा बाळ येशूच्या मुठीतही त्यांनी तशीच वेटोळी कोरली. आणि माझ्या ओठांवर अगदी थोडे हसू ठेवले. पोराचा खेळ दिसतो आहे, पण काम सोडून हसलो तर पोर शेफारेल, अशा धास्तीत असलेल्या बापाचे ते हसू होते. मला ते फार आवडायचे.

फादरनासुद्धा ते आवडले. जवसाच्या तेलाचा एक हात देऊन, पवित्र पाणी शिंपडून त्यांनी मला चर्चमध्ये उभे केले.

ते माझे भरभराटीचे दिवस होते, मित्रांनो. नगर, जालना, कोकण, कुठून कुठून आमची माणसे कंपन्यांत कामाला आली. हातात डबा आणि खांद्यावर टॉवेल घेऊन ती माझ्यापुढे उभी राहत. कुणाला शिफ्ट बदलून हवी असे, कुणाच्या बायकोचे दिवस भरत आलेले असत, कुणाला नुसतेच घर आठवत असे. मी देणारा कोण? मी आपला बघत उभा. पण उभे राहून राहून त्यांचा श्वास सावकाश होई आणि बाहेर पडताना ती माणसे आत आली तेव्हापेक्षा हलकी दिसत.

फादरना एक खोड होती. मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, बोलता बोलता ते एकदम विचारत, "काल तुम्ही काय सुंदर पाहिलंत?" कामगार एकमेकांकडे बघून हसत. कंपनीत कसले आलेय सुंदर? मग फादर म्हणत, "देव माणूस होऊन सुताराच्या घरात वाढला. त्याला भुसा चालला, घाम चालला. मग तुमच्या खात्यात यायला तो लाजेल होय?" एका रविवारी लेथवर काम करणारा एक माणूस आला आणि त्याने खिशातून पोलादाचे एक वेटोळे काढले. लेथवरून तापून निघालेले, मोराच्या मानेसारखे निळे. त्याने ते हळूच बाळ येशूच्या मुठीपाशी ठेवले आणि जागेवर जाऊन बसला. असल्या गोष्टी तेव्हा घडत.

मग रंग आला.

सुरुवात मोठ्या मायेने झाली. एक जण कंपनीत कायम झाला. आता देवाचे आभार मानायचे तर काय करावे? तो खात्यातला उरलेला आकाशी ऑइलपेंट घेऊन आला आणि त्याने मला नखशिखांत रंगवले. सगळ्यांना भारी कौतुक वाटले. पुढच्या वर्षी दुसऱ्या घराने रंगवले, त्याच्या पुढच्या वर्षी तिसऱ्या. बघता बघता तो मान झाला. एक मे रोजी कामगार संत योसेफांचा सण असतो. त्याच्या आधी, पास्काचा, म्हणजे ईस्टरचा सण झाला की सगळ्या घरांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याची निघेल त्याने रंगवायचे, अशी रीतच पडून गेली.

आणि काय एकेक रंग! एका वर्षी मी मशीनला देतात तसा हिरवा होतो. एका वर्षी चंदेरी, अगदी पाण्याच्या टाकीसारखा. एका वर्षी मला मिशी आली. चांगली पीळदार होती. सणाच्या दिवशी सगळ्या म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. पुढच्या वर्षी ती मिशी रंगाखाली गेली, पण एका बाजूचा पीळ गालावर टेंगळासारखा राहिला. बाळ येशूच्या मुठीतली वेटोळी बुजून तिथे गोळा झाला. मुले म्हणू लागली, बाळ येशू लाडू खातोय.

मी कुणाला दोष देत नाही. कुणी माझा रागराग केला असता, मला अडगळीत टाकले असते, तर मी दोन आसवे गाळून मोकळा झालो असतो. पण इथे जो येई तो प्रेमाने येई, आणि प्रेमाने माझ्यावर आणखी एक थर चढवून जाई. धूळ फुंकरीने जाते. मायेने दिलेल्या रंगाचे काय करायचे? माझे ओठ गेले. पापण्या गेल्या. हाताची बोटे एकमेकांना चिकटली. लोक येत, "यंदा शाइन चांगली आली," असे म्हणत आणि निघून जात. माझ्यापुढे थांबून राहणे कुणालाच सुचेना. त्या दिवसांत मला फार एकटे वाटे.

यंदा चिठ्ठी निघाली मंजुळाबाईंची.

मंजुळाबाई डबे करून देतात. नवरा गेल्यावर पोळ्या लाटून त्यांनी मुलाला वाढवले. दर वर्षी चिठ्ठ्यांच्या वेळी त्या पहिल्या बाकावर बसायच्या आणि दर वर्षी दुसऱ्याचेच नाव निघायचे. यंदा स्वतःचे नाव ऐकल्यावर त्या उभ्या राहिल्या, पुन्हा बसल्या आणि शेजारणीचा हात धरून रडू लागल्या.

सणाच्या मंडळाचे प्रमुख उद्धवराव. माणूस जालन्याकडचा, आवाज खणखणीत. पूर्वी एका कंपनीत पत्रे दाबायच्या प्रेस शॉपमध्ये काम करायचे. तिथे प्रेसखाली त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. तेव्हापासून तो हात खिशात गेला तो गेलाच. फोटोत खिशात, पंगतीत खिशात. प्रार्थनेला सगळे हात जोडतात, उद्धवराव नुसता उजवा हात छातीवर ठेवतात. आधी चर्चमध्ये पेटी वाजवायचे. पेटीचा भाता डाव्या हाताने हलवायचा असतो, आणि तीन बोटांनीही तो हलतो. पण भाता हलवणारा हात सगळ्या चर्चला दिसतो ना! त्यांनी पेटी सोडून दिली आणि मंडळ धरले.

"मंजुळाबाई," ते म्हणाले, "यंदा सोनेरी. मेटॅलिक. नव्या गाडीसारखा चमकायला पाहिजे. तुमचं पोरगं पेंट शॉपलाच आहे ना?"

"आहे की! असा चमकवील, की गॉगल लावून मिस्सेला यावं लागंल!"

त्यांचा मुलगा निरंजन निघोज्याजवळच्या एका कंपनीत गाड्यांच्या भागांना रंग मारतो. तो आणि त्याची बायको विजयश्री मला न्यायला स्कूटरवर आली. पुढे निरंजन, मागे विजयश्री आणि दोघांच्या मध्ये सोलापुरी चादरीत गुंडाळलेला मी. मोशीच्या सिग्नलला चादर घसरली आणि माझे रंगाने बुजलेले तोंड बाहेर आले. शेजारच्या टेम्पोवाल्याने दचकून हात जोडले आणि विचारले, "कोणता देव म्हणायचा, भाऊ?"

"देव नाही, संत," विजयश्री म्हणाली. "कामगार आहेत."

"मग आपलेच," असे म्हणून त्याने आम्हाला आधी जायला वाट दिली.

गुरुवारी निरंजनला सुट्टी होती. त्याने मला अंगणात खुर्चीवर बसवले, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि कपाळाला हात लावला. पेंट शॉपमध्ये एक गोष्ट त्याच्या हाडीमासी खिळलेली आहे. पोपडा धरलेल्या रंगावर नवा रंग मारायचा नाही. आधी जुना उतरवायचा, मगच रंगाची गन हातात घ्यायची. आमच्यात आजवर असे कुणी केले नव्हते. संताचा रंग खरवडायचा म्हणजे काय, अशी सगळ्यांना भीती. निरंजनने मात्र क्रुसाची खूण केली, रंग उतरवायचे औषध लावले आणि पत्री, म्हणजे रंग खरवडायची पातळ पट्टी, घेतली.

काय सांगू, मित्रांनो! एकेक वर्ष माझ्या अंगावरून गळून पडू लागले. सगळ्यात वर होता मोरपंखी. त्याखाली चंदेरी, मग पिवळा, मग तो मशीनचा हिरवा. मिशीसुद्धा एकदा वर येऊन दर्शन देऊन गेली. निरंजन हसत होता, विजयश्री जुन्या साडीच्या तुकड्याने पुसत होती. एकाएकी तिचा हात थांबला.

"अहो, इकडे या. हे हसतायत."

निरंजनने वाकून बघितले. मग तो खाली बसला. विजयश्रीने बाळ येशूची मूठ पुसली आणि लाडूतून लाकडाची वेटोळी निघाली, एकात एक गुंतलेली. "अगं बाई, हा लाडू नाहीच!" ती म्हणाली आणि इतकी हसली की शेजारची माणसे डोकावून गेली.

दुपारनंतर माझ्या डाव्या हाताची पाळी आली. बोटे सुटी झाली. अंगठा मोकळा झाला आणि निरंजनचे तोंड उतरले. अंगठ्याचे नख मधोमध फुटलेले होते आणि टोक थोडे वाकडे.

"मेलो," तो म्हणाला. "पत्री लागली माझी. संताचं नख तोडलं मी."

त्याच्या खात्यात पत्र्यावर साधा पोचा दिसला तरी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून सपाट करतात. त्याने तेच केले. लांबी कालवली, पत्रीवर घेतली आणि माझ्या अंगठ्याकडे आणली. त्याचा हात धरून थांबवावे, असे मला झाले. कारण ते नख निरंजनने तोडलेले नव्हते.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली ती सांगतो. कोंडाजींना दिलेल्या चित्रात संतांचे हात फुलांआड गेले होते, दिसतच नव्हते. मग हात करायचा कुणाचा बघून? कोंडाजींनी स्वतःचा डावा हात समोर ठेवला आणि तसाच कोरला. तरुणपणी गाडीचे चाक करताना त्यांच्या अंगठ्यावर वाकस, म्हणजे लाकूड तासायचे हत्यार, बसला होता आणि नख फुटले होते. तेही त्यांनी जसेच्या तसे माझ्या हातावर आणले. सुताराचा अंगठा असाच असायचा, असे ते धरून चालले होते. मला न्यायला आलेले फादर त्या अंगठ्याकडे बघतच राहिले.

"काय चुकलं का?" कोंडाजींनी विचारले. "माजाच हात बघून केलाय. दुसऱ्या कुनाचा बघू?"

फादरनी वाकून माझ्या अंगठ्यावर ओठ टेकले. "हात बरोबर आहे, कोंडाजी," ते म्हणाले. "अगदी बरोबर आहे."

हे निरंजनला कोण सांगणार? मी तर मुका. पण लांबी भरण्याआधी खड्डा बोटाने चाचपून बघायची त्याच्या हाताला सवय आहे. त्याने डोळे मिटून बोट फिरवले. तुटलेल्या लाकडाला कूस असते, ती बोटाला टोचते. इथे ती नव्हती. कडा गोल होत्या आणि चिरेच्या दोन्ही बाजूंना पटाशीच्या बारीक खुणा होत्या. त्याने परत बोट फिरवले. मग पत्रीवरची लांबी वर्तमानपत्राला पुसून टाकली.

"विजू, हे मुद्दाम केलंय कुणीतरी," तो हळूच म्हणाला. "मी यावर रंग नाही मारणार."

"आणि आई?"

आई संध्याकाळी आल्या. मला बघून त्यांनी हातातली पिशवीच टाकली. "आरं, काय केलंस हे? संताचे कपडे उतरवून बसलास! नगरहून सगळे पाहुणे येणार, ते काय म्हणतील? मंजुळाबाईला एवढ्या वर्षांनी मान मिळाला आन् तिनं रंगाचा कंटाळा केला!"

निरंजनने त्यांना माझ्यासमोर खुर्ची दिली. मंजुळाबाई आधी रागाने बसल्या, मग नुसत्याच बसल्या. चहा आला, गार झाला. शेवटी पदराने माझा गाल पुसत त्या म्हणाल्या, "निरंजनचा बाप असाच हसायचा. हा भाकरीच्या पिठात खेळायचा तेव्हा." आणि मग, "पण उद्धवराव ऐकायचे नाहीत बरं का."

ते खरेच ऐकले नाहीत. सणाच्या सकाळी चर्चमध्ये पताका लागल्या होत्या. आमच्याकडे त्या दिवशी प्रत्येक जण आपल्या कामाची वस्तू आशीर्वादाला आणतो. बाकांवर नटबोल्टचे पाने, हातोड्या, शिलाईच्या कात्र्या, कुणाचा लॅपटॉप, मंजुळाबाईंचे लाटणे, असे सगळे मांडले होते. निरंजनने मला स्टुलावर ठेवले आणि चादर काढली. जवसाच्या तेलाने मी नुसता लाकडाच्या रंगाचा झालो होतो.

"हे काय करून ठेवलंस?" उद्धवरावांचा आवाज छपराला लागला. "सोनेरी सांगितलं होतं मी! उघडा आणलास?"

"काका, एकदा बघा तर..."

"काय बघायचं त्यात? मिरवणूक निघायची आहे. सगळी वस्ती बघणार. आमचा संत काय असा फुटक्या-तुटक्या लाकडाचा दिसायला पाहिजे का?"

माणसांत दोन तट पडले. कुणी म्हणे छान दिसतोय, कुणी म्हणे बिनरंगाचा सण कसा करायचा. मंजुळाबाई लाटणे छातीशी धरून खाली मान घालून उभ्या होत्या. आमचे आताचे फादर सिमोन पुढे येईपर्यंत उद्धवरावांनी फाटकावरच्या क्रुसासाठी आणलेला सोनेरी रंगाचा डबा ऑफिसातून आणलासुद्धा. "वाळतंय मिरवणुकीपर्यंत. ऊन काय कमी आहे का?" असे म्हणत त्यांनी झाकण उघडून ब्रश बुडवला आणि तो थेट माझ्या तोंडाकडे आणला.

संपले, असे मी मनाशी म्हटले. इतक्या वर्षांनी उजेड बघितला तो एवढाच.

पण स्टूल डगमगत होते. एका हाताने रंगवायचे तर दुसऱ्या हाताने मला धरायला हवे. घाईघाईत उद्धवरावांचा डावा हात खिशातून बाहेर आला आणि त्याने माझा डावा हात धरला. त्यांचा अंगठा माझ्या अंगठ्यावर बसला. ब्रश तसाच हवेत राहिला.

त्यांनी खाली बघितले.

"हे कुणी तोडलं?" आवाज एकदम उतरला होता.

"मलाही वाटलं होतं मीच तोडलं, काका," निरंजन म्हणाला. "पण नाही. घडवणाऱ्यानंच असं कोरलंय."

"संताचं नख फुटकं? कशाला कोरावं असं?"

"सुतार होते ते, उद्धवराव," फादर सिमोन जवळ येऊन म्हणाले. "तुमच्या-आमच्यासारखं हातानं कमवून खाल्लं त्यांनी. आणि त्यांच्या मांडीवर वाढलेला मुलगा? परवाच्या पास्काला आपण शुभवर्तमान वाचलं. प्रभू मेलेल्यांतून उठून शिष्यांपुढे उभे राहिले. ओळख पटावी म्हणून त्यांनी काय दाखवलं?"

मंजुळाबाई म्हणाल्या, "हात."

"हात," फादर म्हणाले. "खिळ्यांच्या खुणा असलेले. देवाला काय त्या मिटवता आल्या नसत्या? पण त्या तशाच ठेवून ते उठले."

ब्रशवरून सोनेरी रंगाचा एक थेंब फरशीवर पडला. उद्धवराव माझा हात धरून उभे होते. सगळ्या चर्चसमोर त्यांचा हात उघडा होता, आणि ते त्यांच्या लक्षातही नव्हते. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ब्रश ठेवला, डब्यावर झाकण बसवले आणि डाव्या तळव्याने दाबून घट्ट केले.

"राहू द्या," ते म्हणाले. "असाच राहू द्या. मंजुळाबाई, मान तुमचा आहे. लागलं तर थोडं तेल लावून घ्या."

पुढे मिस्सा सुरू झाली. पेटी वाजवणारी मुलगी पहिल्या गीताला बसणार एवढ्यात उद्धवराव तिच्याजवळ गेले आणि काहीतरी पुटपुटले. ती उठली. ते बसले. भाता हलू लागला. सुरुवातीला एकदोन सूर चुकले, पण कुणी मागे वळून बघितले नाही. सगळी जण मोठ्याने गाऊ लागली. इतक्या मोठ्याने, की छपराचा पत्रा थरथरला. नगरच्या पाहुण्यांनी मंजुळाबाईंना विचारले, "नवा पुतळा आणला का?" त्या ताठ मानेने म्हणाल्या, "जुनाच आहे. आमच्या निरंजननं शोधून काढला."

आता दर वर्षीचा मान रंगाचा नाही, तेलाचा असणार आहे. ब्रश नाही, फडके नाही. घरातल्या सगळ्यांनी उघड्या हाताने तेल चोळायचे, असे मंडळाने ठरवले. हाताने चोळायचे म्हटले की बघावेच लागते. तेव्हापासून माझ्यापुढे माणसे पुन्हा थांबू लागली आहेत. परवा एक जण लेथचे निळे वेटोळे घेऊन आला. जुन्या गोष्टी त्याला कुणी सांगितलेल्या नव्हत्या. त्याला ते सुंदर दिसले आणि कुठेतरी ठेवावेसे वाटले, एवढेच.

मित्रांनो, तुमच्या घरीही काहीतरी जुने असेल. एखादी मूर्ती, एखादी पेटी, एखादे माणूससुद्धा. त्याच्यावर प्रेम असेल तर त्याला लगेच नवे करायला धावू नका. आधी त्याच्यासमोर थोडे बसा. त्याला चिरा असतील तर त्या बुजवण्याआधी बोटाने चाचपून बघा. कदाचित त्या कुणीतरी जपून ठेवलेल्या असतील. मला फुले चालतात, तेल चालते, दोन मिनिटे तर फारच चालतात. रंग मात्र आता नको.

गेल्या शनिवारी मंजुळाबाई झाडलोट करायला आल्या होत्या. उद्धवराव कोपऱ्यात पेटीवर रविवारचे गीत बसवत होते. मंजुळाबाईंनी तेलाचे बोट माझ्या फुटक्या नखावरून फिरवले आणि बायका लहान पोराला विचारतात तसे मला विचारले, "दुखतंय का रे बाबा?"

मी काय बोलणार? पण पेटी थांबली. कोपऱ्यातून उद्धवराव म्हणाले, "आता नाही दुखत."